कायदा दिल्लीचा, दवंडी गावची

नागपूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरला दुभंगतो. एक फाटा सौसरवरून छिंदवाड्याचा घाट चढतो. दुसरा पांढुर्ण्यावरून मुलताई व बैतूलकडे वळतो. दोन्ही वाटांवर राज्याची हद्द लागते. परंतु हद्द ओलांडणाऱ्या प्रवाशाच्या कानांना ती जाणवत नाही. भाषा तीच, पोळ्याचा सण तोच, शेतात कापूस, तूर, ज्वारी आणि संत्र्यांच्या बागा त्याच. बदलते ते राजपत्र. सावनेरच्या दुकानदाराने काय विकावे आणि काय विकू नये हे मुंबईचे राजपत्र सांगते. सौसरच्या दुकानदारास ते भोपाळचे राजपत्र सांगते. अन्नशुद्धीचा मूळ कायदा मात्र दोघांसाठी एकच, दिल्लीचा. एकाच कायद्याला दोन बाजूंनी दोन वेगवेगळ्या पुरवण्या कशा जोडल्या गेल्या, आणि त्या पुरवण्यांचे बळ किती, हा इतिहास या सीमेवर जितका स्पष्ट दिसतो तितका तो मुंबईत किंवा भोपाळात बसून दिसत नाही.

भेसळीविरुद्धचे पहिले कायदे प्रांतोप्रांतीचे होते. मध्यप्रांताचा कायदा १९१९ सालचा, मुंबई इलाख्याचा १९२५ सालचा. प्रत्येकाची व्याख्या निराळी, शिक्षा निराळी. एका प्रांतात भेसळ ठरलेले तूप दुसऱ्या प्रांतात शुद्ध म्हणून खपू शकत असे. त्या काळी सरकारी हुकूम खेड्यात पोहोचे तो कोतवालाच्या तोंडून. नागपूरच्या बाजूस त्याला कोतवाल म्हणत, सातपुड्याच्या बाजूस कोटवार. काम एकच, दवंडी पिटण्याचे. कायद्याचे पुस्तक तहसील कचेरीच्या कपाटात राही आणि लोकांपुरता कायदा म्हणजे बाजाराच्या दिवशी डफावर थाप मारून सांगितलेली चार वाक्ये. हे चित्र जुने खरे. परंतु त्यात एक तथ्य आहे. कायदा संमत होणे आणि कायदा लागू होणे या दोन गोष्टींत नेहमीच एक अंतर असते, आणि ते अंतर भरून काढण्याचे काम कोणत्या ना कोणत्या सूचनेलाच करावे लागते.

याचे एक सुबक उदाहरण वनस्पती तुपाचे आहे. खऱ्या तुपात वनस्पती मिसळली तर ती ओळखावी कशी, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. त्यावर तोडगा निघाला तो १९४७ सालच्या एका नियंत्रण हुकमातून. प्रत्येक कारखानदाराने वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचे तेल घालावे, असे त्या हुकमाने बंधन घातले. तिळाच्या तेलाला विशिष्ट परीक्षेत लाल रंग येतो. म्हणजे तुपाच्या नमुन्यात तो रंग उमटला की वनस्पतीची चोरी उघडी पडावी. भेसळ करू नका एवढे कायदा सांगतो. भेसळ पकडण्याची खूण हुकमाने मालातच पेरून ठेविली. कायद्याच्या पोटात न मावणारी गोष्ट एका हुकमाने साधली ती अशी.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने अन्नातील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला आणि संसदेने १९५४ साली सर्व देशासाठी एकच अन्न भेसळ प्रतिबंधक कायदा केला. तो १ जून १९५५ रोजी अंमलात आला. त्या दिवशी सौसर, पांढुर्णा आणि सावनेर ही तिन्ही गावे एकाच राज्यात होती. त्या जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि राजपत्रही नागपूरचेच होते. ही स्थिती अवघे सतरा महिने टिकली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा, त्यातील मराठी बोलणाऱ्या सौसर-पांढुर्ण्यासह, नव्या मध्यप्रदेशात राहिला. केंद्राचा कायदा दोन्हीकडे तसाच चालू राहिला. त्याच्या पुरवण्या मात्र त्या दिवसापासून दोन ठिकाणी छापल्या जाऊ लागल्या.

या पुरवण्या म्हणजे किरकोळ कागद असे समजणे चूक होईल. १९५४ चा कायदा नुसता वाचला तर त्यात जागोजाग मोकळ्या जागा सोडलेल्या दिसतात. नमुना घेणारा अन्न निरीक्षक कोण? राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून ज्याला नेमील तो, आणि तोही अधिसूचनेत नमूद केलेल्या क्षेत्रापुरताच. नमुन्याची तपासणी करणारा लोक विश्लेषक कोण? तोही अधिसूचनेनेच ठरायचा. निरीक्षकाच्या नेमणुकीचा कागद सदोष असेल, किंवा त्याचे क्षेत्र नीट लिहिलेले नसेल, तर हळदीत रंग किंवा दुधात पाणी सापडूनही आरोपीच्या वकिलाला बोलायला जागा मिळते. म्हणजे ज्याच्या हाती कायद्याचा दंडा द्यायचा तो माणूसच अधिसूचनेच्या पोटी जन्मतो. आणि कायद्याच्या सातव्या कलमात आणखी एक महत्त्वाची तरतूद होती. राज्याच्या अन्न (आरोग्य) प्राधिकाऱ्याने सार्वजनिक आरोग्यासाठी ज्या पदार्थाची विक्री त्या वेळेपुरती मना केली असेल तो पदार्थ कोणी विकू नये, असे तेथे म्हटले होते. ‘त्या वेळेपुरती’ या शब्दांवरून पुढे अर्धशतकाने मोठे रण माजले. तत्पूर्वी एका डाळीची हकीकत सांगणे भाग आहे. कारण अधिसूचनेची शक्ती आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्या डाळीइतक्या दुसऱ्या कशातही दिसून येत नाहीत.

ही डाळ म्हणजे लाख. भंडारा-गोंदियाकडे लाखोळी, हिंदी मुलखात खेसरी किंवा तेवडा. धानाचे पीक उभे असतानाच बांधीतल्या ओलीत बी फेकून द्यावे, नांगर नको, खत नको, पाणी नको, आणि तरीही चार दाणे हाती यावेत, असे हे गरिबाचे पीक. पाऊस दगा देतो, गव्हावर तांबेरा पडतो, हरभरा करपतो. लाखोळी तग धरते. तिच्या याच गुणात तिचा घात आहे. बऱ्या वर्षी ती इतर अन्नाबरोबर थोडी खाल्ली तर अपाय जाणवत नाही. दुष्काळात दुसरे काही उरत नाही, आणि दोन-तीन महिने किंवा अधिक काळ तीच मुख्य अन्न झाली म्हणजे धडधाकट तरुणांचे पाय ताठरतात. आधी काठी लागते, मग दुसरी काठी लागते, आणि शेवटी माणूस जमिनीवरून सरपटू लागतो. गेलेले पाय परत येत नाहीत.

सागर प्रांतात अंमलदार असलेल्या स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात याचे वर्णन केले आहे. १८२९ मध्ये गारपीट, पुढल्या वर्षी अवर्षण, त्याच्या पुढल्या वर्षी पिकावर रोग, अशी तीन वर्षे गव्हाची गेली. शेतात आपोआप माजली ती ही डाळ. लोकांनी ती खाल्ली, आणि १८३३ पासून गावातील तरुण माणसे कमरेखाली पंगू होऊ लागली. युरोपलाही ही गोष्ट अपरिचित नव्हती. जर्मनीतील वुर्टेंबर्गच्या ड्यूकने १६७१ सालीच या धान्याचे पीठ पावात मिसळण्यास फर्मान काढून मनाई केली होती. मध्य भारतात रीवा संस्थानच्या महाराजांनी १९०७ साली अशीच बंदी घातली. रीव्यातील गरिबांना त्यानंतरही हा रोग होतच राहिला. मजुरीच जर या डाळीत मिळत असेल तर फर्मान वाचून पोट भरत नाही.

स्वतंत्र भारताने या प्रश्नाला हात घातला तो अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम घालून. या बंदीची गणना सामान्यतः १९६१ सालापासून होते. नियमाची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. लाखोळी, तिची डाळ, तिचे पीठ, हरभऱ्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही डाळीत केलेली तिची मिसळ, यांपैकी काहीही विकू नये किंवा विक्रीसाठी जवळ बाळगू नये, असे नियम सांगतो. परंतु कधीपासून? ‘संबंधित राज्य सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे ठरवील त्या तारखेपासून.’ म्हणजे नियम दिल्लीने लिहिला आणि तारखेची जागा कोरी ठेविली. ज्या राज्याने तारीख घातली तेथे डाळ विकणे गुन्हा. जेथे तारीख पडली नाही तेथे तोच नियम छापील कागदावर निजून राहणार. केंद्राने असे का केले याचे कारण उघड आहे. कित्येक जिल्ह्यांत हे गरिबांचे मुख्य कडधान्य होते. त्याऐवजी दुसरे धान्य पुरविण्याची तजवीज न करता एका दिवसात बंदी घातली असती तर लोकांना पंगुत्वातून काढून उपासमारीत ढकलल्यासारखे झाले असते. ती तजवीज राज्याने करावयाची, म्हणून तारीखही राज्याने ठरवावयाची. युक्तिवाद बिनतोड आहे. दुर्दैव एवढेच की तारीख लांबविणाऱ्याला यापेक्षा सोयीची सबब मिळणे कठीण.

नियमकर्त्यांना आणखी एक अडचण सोडवावी लागली, ती नावाची. ही डाळ प्रत्येक भाषेत निराळ्या नावाने ओळखली जाते. तेव्हा नियमाच्या खाली स्पष्टीकरण जोडून निरनिराळ्या भारतीय भाषांतील तिची नावे द्यावी लागली. कायद्याच्या रुक्ष पानावर अशी गावरान नावांची ओळ क्वचितच आढळते. ‘हे खेसरी नाही, ही तर लाख’ असे म्हणून सुटू पाहणाऱ्या व्यापाऱ्याची वाट त्या ओळीने बंद केली.

तथापि जी वाट खरी बंद व्हावयास हवी होती ती मोकळीच राहिली. बंदी होती विक्रीवर. पेरण्यावर नव्हती, घरी शिजविण्यावर नव्हती. मजुराला मजुरी म्हणून धान्य दिले तर ती विक्री होते काय? कायद्याच्या व्याख्येत विक्रीमध्ये अदलाबदलीचाही समावेश होता, तेव्हा श्रमाच्या बदल्यात धान्य ही विक्रीच, असे म्हणता येईल. पण बांधावर मजुरी मोजून घेणाऱ्याने हा वाद कोणापुढे मांडावा? निरीक्षक दुकानात येतो, खळ्यावर येत नाही. सौसर-पांढुर्ण्याचा पट्टा कापसाचा आणि तुरीचा असल्यामुळे येथे या डाळीचा प्रश्न पेरणीपेक्षा मिसळीचा होता: तुरीच्या डाळीत आणि बेसनात. स्वस्त डाळ महाग डाळीत घालण्याचा मोह कोणत्याही बाजारपेठेत असतो, आणि त्या मोहाविरुद्ध ही बंदी निश्चितच उपयोगी होती. ती ग्राहकाला संरक्षण देऊ शकली, मजुराला नाही.

इतके होईपर्यंत डाळीतील विष नेमके कोणते हेही ठाऊक नव्हते. ते १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनीच शोधून काढले. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांचा त्यात मोठा वाटा होता. विष कळल्यावर कमी विषाचे वाण काढण्याची वाट सापडली. रायपूरच्या कृषि विद्यापीठाने ‘प्रतीक’ व ‘महातेवडा’ ही वाणे काढली, दिल्लीच्या कृषि संशोधन संस्थेने ‘रतन’ काढले. इकडे नागपुरात बंदीविरुद्ध चळवळ उभी राहिली. डाळीने नव्हे, दुष्काळाने माणसे पंगू केली. भिजवून, पाणी टाकून शिजवावी हे सांगण्याऐवजी गरिबाचे प्रथिन हिरावले, असा चळवळीचा सूर होता. २००८ साली महाराष्ट्राने आपल्यापुरती बंदी मागे घेतली, आणि तीही अर्थात एका अधिसूचनेनेच. सावनेरच्या बाजूस जो कागद रद्द झाला त्याचा सौसरच्या बाजूस लवमात्र परिणाम नव्हता. तेथला निकाल भोपाळच्या कागदावर. २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या समितीने कमी विषाच्या वाणांना मुभा देण्याची शिफारस केल्याचे प्रसिद्ध झाले. शास्त्रज्ञांमध्येही त्यावर एकमत नव्हते. कारण शेतात वाण एक पेरले तरी बाजारातल्या पोत्यात कोणते आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

आता त्या ‘त्या वेळेपुरती’ या शब्दांकडे वळू. महाराष्ट्राने २३ जुलै २००२ रोजी सातव्या कलमाच्या आधारे अधिसूचना काढून १ ऑगस्टपासून पाच वर्षांसाठी गुटख्यावर बंदी घातली. हेतूविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते. तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण नागपूरच्या रुग्णालयांनी पाहिलेच होते. उत्पादक न्यायालयात गेले आणि २ ऑगस्ट २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द ठरविली. प्राधिकाऱ्याचा अधिकार स्थानिक व तात्पुरत्या संकटापुरता आहे. एखाद्या ठिकाणी साथ आली, माल बिघडला, तर तेवढ्यापुरता. संबंध राज्यात पाच वर्षे एखादा पदार्थ बंद करणे ही धोरणाची गोष्ट झाली आणि तो अधिकार कायद्याने केंद्राला दिला आहे, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. निकाल कित्येकांना कटु वाटला. परंतु अधिसूचना ही कायद्याची लेक आहे. आईने न दिलेला अधिकार ती वापरू शकत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले. नागपूरच्याच एका संस्थेने हेच तत्त्व मिठाच्या बाबतीत वापरले. आयोडीनविरहित मीठ विकण्यावर केंद्राने नियम करून घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये अवैध ठरविली. साधे मीठ हा आरोग्याला अपायकारक पदार्थ म्हणता येत नाही, आणि कायद्याने बंदीचा अधिकार दिला आहे तो अपायकारक पदार्थांपुरता. लोकांच्या आरोग्याचा विचार करून न्यायालयाने तो नियम आणखी सहा महिने चालू ठेवू दिला, ही गोष्टही तितकीच बोलकी आहे.

दरम्यान संसदेने २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा केला होता. तो मुख्यत्वे ५ ऑगस्ट २०११ पासून अंमलात आला आणि १९५४ चा कायदा संपला. नव्या कायद्याच्या तिसाव्या कलमाने राज्याच्या अन्न सुरक्षा आयुक्तांना स्पष्ट अधिकार दिला: सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थाचे उत्पादन, साठवण व विक्री राज्यात किंवा त्याच्या एखाद्या भागात जास्तीत जास्त एक वर्ष बंद करण्याचा. शिवाय केंद्राच्या विनियमांत कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटीन असू नये, असे एक छोटेसे वाक्य होते. या दोन आधारांवर मध्यप्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली. असे करणारे ते देशातील पहिले राज्य. महाराष्ट्राचा हुकूम निघाला तो जुलै २०१२ मध्ये, आणि त्याने गुटख्याबरोबर पानमसालाही बंद केला.

पांढुर्णा व सौसरच्या दृष्टीने या तारखांचा अर्थ काय झाला? एप्रिल ते जुलै हे साडेतीन महिने हद्दीच्या उत्तरेस गुटखा निषिद्ध आणि दक्षिणेस खुला. पुढे पारडे फिरले. पानमसाला दक्षिणेस निषिद्ध झाला. सीमेवरचा धंदा अशा अंतरावरच जगतो. पुडी तीच, खाणारा तोच, खोकलाही तोच. गुन्हा मात्र मैलाच्या दगडाच्या कोणत्या बाजूस पुडी उघडली त्यावर. बरे, हुकूम एक वर्षाचा. वर्ष संपले की नवा हुकूम काढावयाचा, आणि महाराष्ट्रात तो दरवर्षी पुन्हा पुन्हा काढला गेला. एक वर्षाचा अधिकार दहा वेळा वापरून कायमची बंदी करता येते काय, हा प्रश्न मग उठणारच होता. जानेवारी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या अशा बंदीविषयी ‘नाही’ असे उत्तर दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली.

न्यायालयांतील हे वाद एका बाजूस ठेवले तरी, सूचना वेळेवर निघणे आणि ती योग्य माणसाला कळणे याचे मोल काय असते, हे या भागाने २०२५ साली फार जबर किंमत देऊन पाहिले. विषय अन्नाचा नव्हता, औषधाचा होता आणि औषधांचा कायदा वेगळा आहे. पण घडण तीच. छिंदवाडा जिल्ह्यात, विशेषतः परासिया भागात, खोकल्याचे एक सरबत प्यालेल्या लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली. सरबत तमिळनाडूत बनलेले, मुले सातपुड्यातली, आणि त्यांतील अनेकांचा शेवट नागपूरच्या रुग्णालयांत झाला. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेने त्या सरबतात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकोल हे विष असल्याचे सांगितले. तमिळनाडूने १ ऑक्टोबरला विक्री थांबविली, मध्यप्रदेशाने ४ ऑक्टोबरला. वीसहून अधिक बालके गेली. भेसळयुक्त औषध विकू नये हा कायदा १९४० पासून पुस्तकात होताच. कोणती बाटली, कोणत्या घाण्याची, हे त्या ऑक्टोबरातल्या कागदांनी सांगितले.

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौसर छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा मध्यप्रदेशाचा नवा जिल्हा अस्तित्वात आला. तोही राजपत्रातील अधिसूचनेनेच. नव्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यास एक पदनिर्देशित अधिकारी असतो. कारखाना किंवा हॉटेल नियम पाळत नसेल तर निदान चौदा दिवसांची मुदत देऊन सुधारणेची नोटीस बजावणे, आणि धोका तातडीचा असेल तर आयुक्तांकडे बंदीच्या हुकमासाठी जाणे, ही त्याची कामे. पूर्वी हे कागद घाटावरच्या छिंदवाड्याहून येत. भोपाळचे राजपत्र हिंदीत छापले जाते. पांढुर्ण्याच्या बाजारात सौदा मराठीत होतो. खेड्यांत कोटवार आजही आहे, आणि सरकारी सूचना गावाला ऐकविणे हे त्याचे काम अद्याप सुटलेले नाही.